कोरड्या जमिनीचं माप

३ डिसेंबर

प्रिय दादा,

फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो आणि चौथ्याला वहिनी फोन काढून घेते, म्हणून हे पत्र. शिवाय आज जे सांगायचं आहे ते तू दोनदा वाचावंस अशी माझी इच्छा आहे.

आमच्या डेपोत विजेवर चालणाऱ्या बस येणार हे नक्की झालं. उन्हाळा संपता संपता पहिली तुकडी येईल. त्याआधी चार्जर निवडायचे, ते बसवणारे निवडायचे आणि सगळं उभं करून घ्यायचं. डेपोप्रमुखांनी बैठकीत सगळ्यांकडे पाहिलं, सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. मी एकटी त्यांच्याकडे बघत होते, म्हणून काम माझ्याकडे आलं.

आता मला केबिनही मिळाली आहे. केबिन म्हणजे टायरच्या गोदामाला काच लावून काढलेला कोपरा. डबा उघडला तरी रबराचाच वास येतो. पण दारावर माझ्या हुद्द्याची पाटी आहे. मी आत जाताना रोज ती वाचते, हे कोणाला सांगू नकोस.

काल तीन पुरवठादारांची माणसं येऊन गेली. एकाच्या माहितीपत्रकात चार्जर बर्फात उभा आहे आणि शेजारी लोकरीची टोपी घातलेली बाई हसते आहे. मी त्याला मे महिन्यातलं आमचं आवार कसं असतं ते सांगितलं. डांबर इतकं मऊ होतं की मेकॅनिकची चप्पल मागे राहते आणि मेकॅनिक पुढे जातो. वादळ आलं की पाऊस वरून नाही, आडवा येतो आणि वीज तर दर वर्षी आवारातलं काही ना काही घेऊन जाते. 'यात तुमचा चार्जर काय करेल?' तो म्हणाला, 'मॅडम, आत पंखा आहे.'

दादा, चार्जर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वीज कमी द्यायला लागतो. मग सकाळी बस बॅटरी अर्धीच भरून निघते. सकाळच्या पहिल्या बसने कोण जातं ते मी पाहिलं आहे. दवाखान्यातल्या नर्स, भाजीवाल्या, परीक्षेला निघालेली मुलं. मीही अशाच बसने कॉलेजला गेले. ती बस रस्त्यात थांबली असती तर आज ही पाटीही नसती. म्हणून मला हे काम नुसतं पार पाडायचं नाही, नीट करायचं आहे.

तू आणि बाबांनी जन्मभर उन्हात खांबांवर काम केलंत. आपल्या हवेत आधी काय जातं, ते सांग.

तुझी,
बारकी

---

११ डिसेंबर

प्रिय बारके,

पत्र दोनदा वाचलं. एकदा मी, एकदा बाबांनी मोठ्याने. पाटीचं वाक्य त्यांनी शेजाऱ्यालाही वाचून दाखवलं, तेव्हा 'कोणाला सांगू नकोस' विसर.

आता तुझा प्रश्न. आपल्या हवेत आधी पेटीच्या दाराचं रबर जातं. दोन उन्हाळ्यांत ते बिस्किटासारखं होतं. मग धूळ आत, मग मुंग्या आत, मग मुंग्यांच्या मागे पाल आत. पाल दोन तारांना एकदम शिवली की पालही गेली आणि पेटीही गेली. पंख्याची जाळी कोण साफ करणार ते आधीच विचार. 'आमचा माणूस येईल' म्हणाले तर माणूस कुठे राहतो ते विचार. पेटी पश्चिमेच्या भिंतीला लावू नकोस, दुपारभर भाजून निघेल.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. चार्जर कोणाचेही घ्या, बसवायचं काम मला आणि माझ्या भागीदाराला करायचं आहे. घरातले पंखे आणि दुकानातले दिवे लावून मी कंटाळलो. मोठं काम मागायला गेलं की पहिला प्रश्न असतो, 'याआधी असं काम केल्याचं पत्र आहे का?' काम केल्याशिवाय पत्र नाही आणि पत्राशिवाय काम नाही. लायसन घेतलं त्या दिवसापासून या दोन भिंतींच्या मधे उभा आहे. तुमच्या डेपोचं एक पत्र मिळालं तर मी बाहेर पडतो.

तू तिथं आहेस म्हटल्यावर निम्मं काम झालंच.

दादा

ता.क. मी वहिनी. ह्यांना पहाटे उठून जुन्या कामांचे फोटो काढताना पहिल्यांदाच पाहते आहे. काय ते बघ.

---

२६ डिसेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र वाचून मला आनंद झाला आणि मग मी त्यातलं शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. दोन दिवस विचार केला आणि डेपोप्रमुखांना सांगितलं, बसवण्याच्या कामासाठी जे अर्ज करणार आहेत त्यांत माझा सख्खा भाऊ आहे.

ते म्हणाले, 'हे सांगायला माझ्याकडे आजवर कोणी आलं नाही. म्हणजे भाऊ कोणाला नव्हते असं नाही.' मग त्यांनी असं ठरवलं: चाचण्या मी आखायच्या, मोजमाप मी करायचं, कारण ते करणारं इथे दुसरं कोणी नाही. पण गुण द्यायचे त्यांनी आणि दुसऱ्या डेपोच्या इंजिनीअरनी. निवडीच्या चर्चेत मी खोलीबाहेर.

त्यात मी आणखी एक नियम घातला. या कामाबद्दल मी तुझ्याशी फोनवर बोलणार नाही. पत्रात लिहीन आणि कामाचा भाग फाईलला लावीन. दुसरा कंत्राटदारही ती फाईल बघू शकेल.

तू चिडशील. पण विचार कर, तुला पत्र हवं आहे ते दुसऱ्यांना दाखवायला. 'बहीण होती म्हणून मिळालं' असं कोणी म्हणालं की त्या कागदाची किंमत काय? तुझं काम चांगलं आहे यावर माझा विश्वास आहे, म्हणूनच मला ते मोजायची भीती वाटत नाही.

निम्मं काम झालेलं नाही. सगळं बाकी आहे.

बारकी

---

६ जानेवारी

(फाईलसाठी)

मा. अभियंता महोदया,

आपले पत्र पावले. सर्व अटी मान्य. आमची संस्था आपल्या डेपोचे काम करण्यास उत्सुक आहे. आमची संस्था म्हणजे मी, भागीदार व चार माणसे.

(घरासाठी)

हे फाईलला लावलंस तर याद राख.

तुला सायकल शिकवली मी. तुझ्या प्रवेशाच्या रांगेत उभा राहिलो मी. आणि आता तू खोलीबाहेर उभी राहणार. चांगलं आहे. बाबा म्हणाले, 'बरोबर केलं तिनं.' मी म्हटलं, 'तुम्हाला नेहमी तिचंच बरोबर वाटतं.' ते म्हणाले, 'नेहमी नाही. ती भात फार शिजवते.'

चार दिवसांनी राग उतरेल. तोवर फोन करू नकोस.

दादा

---

२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

राग उतरला हे वहिनीकडून कळलं. आता चार्जरची गोष्ट ऐक. हे फाईलमध्ये आहेच, पण तिथे मजा लिहिता येत नाही.

तिन्ही पुरवठादार छापील कागद दाखवत होते की आमचा माल उन्हात चालतो. मला ऊन दाखवायचं होतं. पण हिवाळ्यात ऊन कुठून आणणार? मग आठवलं, आमच्याकडे बसला रंग मारल्यावर तो भाजायची खोली आहे. आत हवी तितकी उष्णता करता येते. मी तिथल्या मिस्त्रींना म्हटलं, 'तुमच्या खोलीत चार्जर ठेवायचे आहेत.' ते म्हणाले, 'इथे आम्ही बस भाजतो. आता पेट्या भाजायच्या? उद्या घरून वांगी आणू का?'

बर्फवाल्यांनी नमुना पाठवायलाच नकार दिला. त्यांचा माल म्हणे प्रयोगासाठी नाही. मी डेपोप्रमुखांना म्हटलं, 'आपल्याकडचा उन्हाळा प्रयोग नाही, पण त्यांना तो वाटतो आहे, तर त्यांना सोडून द्यावं.' दुसऱ्या दोघांचे चार्जर आले. चाचणीसाठी आलेली एक बस दाराबाहेर लावली, केबल आत घेतली आणि खोली मे महिन्याच्या दुपारइतकी तापवली. मोठ्या कंपनीचा चार्जर बराच वेळ जोरात चालला आणि एकाएकी बंद पडला. पडद्यावर फक्त एक लाल दिवा. दुसरा, लहान कंपनीचा, तापल्यावर हळूहळू वीज कमी करत गेला. पण किती कमी केली आणि बस भरायला किती वेळ लागेल ते पडद्यावर लिहीत गेला. शेवटपर्यंत बंद पडला नाही.

मिस्त्री म्हणाले, 'हा आपल्या हेल्परसारखा आहे. दमला की सांगतो. तो दुसरा जावयासारखा. न सांगता उठून गेला.'

जाळी आणि रबर यांबद्दल तुझे प्रश्न मी दोघांनाही विचारले. लहान कंपनीचं सुट्या भागांचं गोदाम याच शहरात आहे आणि त्यांचा माणूस बसने येऊ शकतो. त्यांची निवड झाली. डेपोप्रमुखांना आधी वाटत होतं, माल आणि बसवणं एकाकडूनच घ्यावं, म्हणजे एकच गचांडी धरता येईल. मी म्हटलं, 'एकाकडे दिलं तर गचांडी एकच, पण त्याचा हात आपल्या खिशात.' ते हसले आणि त्यांनी मान्य केलं.

आता तुमची पाळी. बसवणारे दोन उरलेत, तुम्ही आणि शहरातले एक मोठे कंत्राटदार. दोघांनीही आवारात एकेक चार्जर बसवायचा. पाया, केबल, वीज जमिनीत उतरवणारा अर्थिंगचा खड्डा, सगळं. मार्चच्या मध्यात मी मोजणार. तुम्ही काम करत असाल त्या रविवारी मी आवारात येणार नाही. मला तुला मदत करावीशी वाटेल आणि ते मला नको आहे.

बारकी

---

१९ मार्च

प्रिय दादा,

हे पत्र मी तीनदा लिहायला घेतलं.

काल अर्थिंग मोजलं, आकडा जितका कमी तितकं चांगलं. त्यांचा आकडा मर्यादेच्या आत, पण जेमतेम. तुझा आकडा इतका कमी की दुसऱ्या डेपोच्या इंजिनीअरनी यंत्र बदलून पुन्हा मोजायला लावलं. तोच आकडा. ते म्हणाले, 'वीज इथून जमिनीत अशी उतरेल, जशी काय घरी चालली आहे.' मला अभिमान वाटला. तेवढ्यात झाकणाजवळची माती दिसली. काळी होती. हात लावला तर गार. सगळं आवार भाकरीच्या तव्यासारखं तापलेलं आणि तेवढाच तुकडा ओला.

शेजारी सावलीत एक खुर्चीही ठेवलेली होती, पुसून. ती कोणी ठेवली ते कळलं नाही.

दादा, साहेब तपासायला येणार म्हटलं की खड्ड्यात पाणी घालून आकडा उतरवायचा, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. आपल्या धंद्यात सगळे घालतात, ते अंगण झाडल्यासारखं असतं. पण इथे त्याने घात होईल. वादळं उन्हाळ्याच्या शेवटी येतात, जमीन वर्षातली सगळ्यात कोरडी असते तेव्हा. नेमकं त्याच दिवशी आपल्याला ती वीज खाली न्यायची असते. ओल्या मातीचा आकडा घेऊन मी चार्जर उभे केले, तर पहिल्याच वादळात ते जळतील आणि बस उभ्या राहतील.

मी अजून कोणाला बोलले नाही. पण बोलणार आहे. दोघांचेही खड्डे बरेच दिवस पाणी न घालता पुन्हा मोजावेत असं सुचवणार आहे आणि कारणही सांगणार आहे. त्याआधी ते तुझ्याकडून यावं असं मला वाटतं. आठवडाभर थांबते.

मला तुला हरवायचं नाही. तुझा खरा आकडा हवा आहे.

बारकी

---

२४ मार्च

(फाईलसाठी)

मा. अभियंता महोदया,

आमच्या खड्ड्यात तपासणीपूर्वी आमच्याकडून पाणी घातले गेले, हे खरे आहे. त्याची जबाबदारी माझी. फेरचाचणीस आमची हरकत नाही.

---

२६ मार्च

प्रिय बारकी,

ह्यांनी तुला घरासाठी काही लिहिलं नाही हे मला पाकीट चिकटवताना कळलं, कारण एकच कागद आत गेला. म्हणून मी लिहिते. ह्यांना सांगितलेलं नाही. वाचून काय करायचं ते तू ठरव.

पाणी ह्यांनी घातलं नाही. बाबांनी घातलं.

त्या रविवारी बाबा हट्टाने टेम्पोत बसून गेले. 'मला तिचं ऑफिस बघायचंय.' हे म्हणाले, 'ती आज नसणार, तसा नियम आहे.' बाबा म्हणाले, 'मला ऑफिस बघायचंय, तिला रोजच बघतो डोळे मिटले की.' दिवसभर आवारात हिंडले. तुझ्या केबिनच्या काचेतून आत पाहिलं. पाटीवर हात फिरवून आले. काम संपल्यावर ही माणसं सामान भरत होती, तेव्हा बाबांनी वॉचमनकडून बादली मागून घेतली आणि खड्ड्यात ओतली. एक नाही, बऱ्याच. वॉचमनलाही सांगून आले की साहेब येईपर्यंत रोज संध्याकाळी एक घाल. खुर्चीही त्यांनीच पुसून ठेवली, तपासायला येणाऱ्या साहेबांसाठी. घरी येऊन आम्हाला सांगितलं तेव्हा इतके खूश होते. 'जन्मभर दुसऱ्यांच्या साहेबांसाठी पाणी घातलं, या वेळी साहेब माझीच आहे.'

तुझं पत्र आलं तेव्हा ह्यांनी ते एकट्याने वाचलं आणि खिशात ठेवलं. मला म्हणाले, 'तिला वाटू दे मी घातलं. बाबांना कळलं तर ते पुन्हा तिच्या दारात जाणार नाहीत.' मला हे पटत नाही. तू कॉलेजात गेलीस तेव्हापासून या घरात सगळे तुझ्यासाठी काहीतरी लपवतात आणि त्याला प्रेम म्हणतात.

तुझी,
वहिनी

---

३० मार्च

प्रिय बाबा,

तुम्ही माझ्या ऑफिसात आलात आणि मला न भेटता गेलात. याचा मला राग आला आहे. नियम दादासाठी होता, तुमच्यासाठी नव्हता.

खुर्ची तुम्ही ठेवलीत हे मला आता कळलं. मी तिच्यावर बसले नाही, मोजायला वाकावं लागतं. पण तिथे खुर्ची असावी असं कोणाला तरी वाटलं, हे तेव्हाही बरं वाटलं होतं.

आता पाण्याबद्दल. ते तुम्ही घातलंत हे मला कळलं आहे. दादावर चिडू नका, त्याने सांगितलं नाही. तुम्ही कोणाला फसवायला ते केलं नाही, हे मला माहीत आहे. गावातल्या घरांचे खड्डे तुम्ही नंतरही उन्हाळाभर भिजवत फिरायचात, मी तुमच्याबरोबर असायचे. पण इथे आमच्या वॉचमनची बदली होते, बादली हरवते, आणि वीज पडायच्या आधी निरोप पाठवत नाही. मला असा खड्डा हवा आहे जो विसरला गेला तरी काम करेल.

तुम्ही मला साहेब म्हणून मान दिलात. साहेब म्हणून मला कोरड्या जमिनीचा आकडा लागतो. आणि मुलगी म्हणून सांगते, फाईलमध्ये 'आमच्याकडून' हा शब्द मला टोचतो आहे. तिथे 'माझ्या वडिलांनी' असं लिहायला हवं. लिहिलं तर खरं लिहिलं जाईल आणि दादावर डाग राहणार नाही. तुमची परवानगी असेल तरच लिहीन, असं म्हणणार होते. पण ते खोटं ठरेल. परवानगी नसली तरी लिहीन. तुम्ही ती द्यावी असं मात्र फार वाटतं.

आठ एप्रिलला फेरचाचणी आहे. टेम्पोत बसून या. या वेळी मी आवारात असेन.

तुमची,
बारकी

---

२९ एप्रिल

प्रिय दादा,

फेरचाचणीला तू समोरच होतास. बाबा सगळ्यांदेखत डेपोप्रमुखांना म्हणाले, 'पाणी मी घातलं. मुलाला विचारलं नाही. मुलीला आवडलं नाही.' ते ऐकताना तू बुटाची लेस बांधत होतास आणि तुझ्या पायात चप्पल होती, हेही मी पाहिलं.

तू नव्हतास तेव्हाचंही जोडून आता सगळं क्रमाने सांगते. कोरड्या जमिनीत दोघांचेही आकडे मर्यादेबाहेर गेले होते. तुझा खूपच, त्यांचाही बराच. मोठे कंत्राटदार म्हणाले, 'पाऊस पडला की आपोआप खाली येईल.' डेपोप्रमुख म्हणाले, 'आणि वीज तोवर वर थांबेल?' दोघांनाही सुधारायची संधी दिली. त्यांनी खड्ड्यात नवी माती भरली आणि तेवढ्यावर भागवलं. तू ओल लागेपर्यंत खोल गेलास, एकाऐवजी तीन ठिकाणी, आणि तिन्ही जमिनीखालून धातूच्या पट्टीने जोडलीस. काल पुन्हा मोजलं. तुझा आकडा मर्यादेच्या बराच आत आहे. मातीवर हात ठेवून पाहिला, चटका बसला.

निर्णय असा झाला. आवारातलं सगळं अर्थिंग आणि वीज उतरवायचं काम तुझ्याकडे. चार्जर आणि केबल बसवायचं काम त्यांच्याकडे.

हे अर्धं आहे, मला कळतं. कारण दुसऱ्या डेपोच्या इंजिनीअरनी लिहिलं आहे आणि ते मलाही पटतं. तू केबल पेटीत वरून घेतलीस. घरात चालतं. इथे आडव्या पावसात पाणी केबलवरून ओघळत थेट आत जाईल. त्यांनी खालून घेतली, आधी वळण देऊन, म्हणजे पाणी वळणावरून गळून पडतं. त्यांचं ते काम तुझ्यापेक्षा चांगलं आहे. जमिनीखालचं तुझं त्यांच्यापेक्षा चांगलं आहे. मी खोलीबाहेर होते, पण आत असते तर माझंही मत हेच असतं.

आता भांडायचं असेल तर फोन कर. निवड झाली, नियम संपला.

बारकी

---

४ जून

प्रिय दादा,

फोन लागत नाही, तारा पडल्या आहेत. म्हणून पुन्हा पत्र.

परवा संध्याकाळी वादळ झालं. आधी धूळ, मग वारा, आणि पाऊस यायच्या आधीच विजा. अजून एक थेंब पडला नव्हता, जमीन ठणठणीत कोरडी होती. मी केबिनमध्ये होते. मी खात्रीने सगळं केलं होतं, तरी सांगते, काचेतून एकेक चार्जर मोजत होते. आवारातल्या उंच दिव्याच्या खांबावर वीज पडली. उजेड आणि आवाज एकदमच. वर्कशॉपचा एक पत्रा उडून गेटपाशी पडला. सगळीकडे अंधार.

वीज परत आल्यावर मी आणि लहान कंपनीचा माणूस एकेक पेटी उघडत गेलो. झटका स्वतःवर घेणाऱ्या अरेस्टरांपैकी दोन जळाले. त्यासाठीच ते लावलेले असतात. चार्जर सगळे जिवंत. पेट्या आतून कोरड्या, याचं श्रेय त्या कंत्राटदारांना. बाकीचं सगळं तुझ्या पट्टीवरून खाली गेलं. सकाळची पहिली बस भरून निघाली. मी गेटपाशी उभी राहून पाहिली. चालकाने हात केला. त्याला काही झाल्याचंही माहीत नव्हतं आणि मला तेच हवं होतं.

तुझं काम पूर्ण केल्याचं पत्र पुढच्या आठवड्यात निघेल. त्यावर सही डेपोप्रमुखांची असेल. मी मसुदाही वाचलेला नाही. बाबांना माझी सही हवी होती, फ्रेम करायला, हे वहिनीने सांगितलं. त्यांना म्हणावं, माझी सही नाही म्हणूनच तो कागद बाहेर चालेल.

बारकी

---

१७ ऑगस्ट

प्रिय बारके,

पत्र आलं. तुमच्या डेपोप्रमुखांची सही म्हणजे शाईत पडलेली मुंगी कागदावरून पळून गेल्यासारखी आहे. बाबांनी कागद उलटा करूनही तुझी सही शोधली. मग फ्रेम केला.

फ्रेममधून काढून तोच कागद घेऊन मी गेल्या महिन्यात एका मोठ्या इस्पितळात गेलो. त्यांना रुग्णवाहिकांसाठी चार्जर लावायचे आहेत. पहिला प्रश्न तोच, 'याआधी असं काम केलंय?' पत्र पुढे केलं. दुसरा प्रश्न, 'त्या डेपोत तुमचं कोणी आहे का?' म्हटलं, 'सख्खी बहीण. तिनेच मोजलं.' त्यांच्या इंजिनीअरांचा चेहरा पडला. कागद परत द्यायला लागले. मी म्हटलं, 'डेपोकडून फाईल मागवा आणि मग द्या.'

मागवली. सगळी वाचली. मला पुन्हा बोलावलं. ओल्या मातीचं पान उघडं होतं. विचारलं, 'हे पाणी कोणी घातलं होतं?' म्हटलं, 'माझ्या वडिलांनी. तिथे लिहिलंय.' मला वाटलं, झालं, आता उठायचं. ते म्हणाले, 'आमच्याकडे दर वर्षी घालतात. लिहून दिलेलं पहिल्यांदा पाहिलं.' आणि वरून घेतलेल्या केबलचं पान दाखवून म्हणाले, 'आता कुठून घेता?' म्हटलं, 'खालून. वळण देऊन.'

काम मिळालं, बारके. या वेळी सगळं, अर्धं नाही. पाऊस सरून जमीन सुकली की खोदायला घेतो. बाबांना बरोबर नेणार आहे, बघायला. त्यांनी स्वतःच सांगितलं, 'मी हात खिशात ठेवीन.'

मोजायला बाहेरचा कोणीतरी इंजिनीअर हवा असं त्यांनी करारात घातलं आहे. तुझी फाईल त्यांना इतकी आवडली की तुझंच नाव सुचवलं. मी नको म्हटलं. म्हटलं, 'ती माझी बहीण आहे. तिला मी जेवायला बोलावतो. मोजायला दुसरं कोणी बघा.'

तुझा,
दादा